पॉल क्ले नक्की कुठला?

मागच्या अंकात जलरंगांविषयीच्या एका उत्तरात मी ‘स्विस चित्रकार पॉल क्ले’ असं सहज लिहून गेलो. त्या एका विशेषणापायी बरीच पत्रं आली. त्यातली तीन निवडून या वेळचं सदर त्यांनाच देतो.

प्रश्न : तुम्ही क्लेला स्विस म्हणता. माझ्याकडच्या कलाकोशात तो ‘जर्मन चित्रकार’ आहे. माझी मुलगी झुरिकला असते. ती म्हणते, बर्नमध्ये त्याच्या नावाचं मोठं संग्रहालय आहे आणि तिथले लोक त्याला आपलाच मानतात. मे महिन्यात तिकडे जाणं होणार आहे. तोवर सांगा, खरं काय? (एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

उत्तर : कोश बरोबर आहे आणि मुलगीही बरोबर आहे. चुकलो असेन तर मी चुकलो, पण ही चूक करताना माझ्या सोबतीला अख्खं बर्न शहर आहे.

क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९ चा, बर्नजवळच्या म्युन्शेनबुखसे या गावातला. आई इडा फ्रिक स्विस, गाणं शिकलेली. वडील हान्स क्ले जर्मन. शिक्षक तयार करणाऱ्या तिथल्या सरकारी विद्यालयात ते संगीत शिकवायचे. मूल बापाच्या देशाचं, असा तेव्हाचा स्विस कायदा होता. आई कुठली, हे कुणी विचारायचंच नाही. हान्सरावांनी त्या नोकरीत अर्धं शतक काढलं, बर्नमध्येच ते म्हातारे झाले, पण स्विस नागरिकत्व काही त्यांनी घेतलं नाही. त्यामुळे पॉल बर्नच्या शाळेत शिकला, बर्नची बोली बोलला, अकराव्या वर्षी बर्नच्या वाद्यवृंदात मोठ्यांच्या बरोबरीनं व्हायोलिन वाजवू लागला, आणि कागदोपत्री मात्र परदेशीच राहिला.

एकोणिसाव्या वर्षी तो म्युनिकला गेला तो चित्रकला शिकायला. तिथल्या अकादमीत फ्रान्झ श्टुक हे त्याचे शिक्षक. पुढे इटलीचा प्रवास झाला आणि मग चार वर्षं पुन्हा बर्नला, आईवडिलांच्या घरी. लिली श्टुम्फ या पियानोवादक मुलीशी १९०६ साली लग्न झालं आणि संसार म्युनिकला थाटला. हा संसार त्या काळाच्या मानानं उलटाच होता. लिली पियानोच्या शिकवण्या करून पैसे आणायची. पॉल घरी राहून स्वयंपाक करायचा, वर्षभरानं जन्मलेल्या फेलिक्सला सांभाळायचा, त्याच्या दुखण्याखुपण्याच्या नोंदी ठेवायचा आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघरातच चित्रं काढायचा. पुढं फेलिक्ससाठी त्यानं पन्नासेक बाहुल्याही केल्या, घरातल्या चिंध्या, प्लॅस्टर, हाती लागेल ते वापरून. त्यातल्या तीस अजून शिल्लक आहेत. तुम्ही बर्नला जाल तेव्हा त्या कुठल्या प्रदर्शनात मांडल्या असतील तर चुकवू नका.

आता कागदांकडे येऊ. जर्मन असणं क्लेला पहिल्यांदा महाग पडलं ते १९१६ साली. स्वित्झर्लंड युद्धात तटस्थ होतं, त्यामुळे स्विस कागद असते तर तो सुटला असता. पण जर्मन नागरिक म्हणून मार्च १९१६ मध्ये त्याला भरतीचा हुकूम आला. त्याचा मित्र फ्रान्झ मार्क काही दिवसांपूर्वीच व्हर्दूनला मारला गेला होता. दुसरा मित्र, आउगुस्ट माके, १९१४ च्या सप्टेंबरातच गेला होता. क्लेला मात्र आघाडीवर पाठवलं नाही. विमानतळावर विमानांना रंग देणं, विमानं घेऊन जाणाऱ्या गाड्यांबरोबर जाणं, आणि शेवटी गेर्स्टहोफेनच्या विमानशाळेत खजिनदाराच्या हाताखाली कारकुनी, अशी त्याची लढाई झाली. विमानांच्या पंखांचं उरलेलं कापड तो मागून घ्यायचा आणि त्यावर चित्रं काढायचा.

युद्धानंतरची बारा-तेरा वर्षं त्याच्या भरभराटीची. वास्तुकार ग्रोपिउसनं त्याला बाउहाउस या कलाशाळेत बोलावलं. १९२१ पासून तो आधी वायमारला आणि मग डेसाउला शिकवत होता. डेसाउला चित्रकार कँडिन्स्की त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी. क्लेच्या शिकवण्याची टिपणं सुमारे ३,९०० पानं भरतात. त्यावरून मास्तर वर्गावर तयारीनं जायचा, एवढं नक्की. पुढे १९३१ साली तो ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापक झाला.

मग १९३३ उजाडलं. हिटलर सत्तेवर आला आणि दोन-तीन महिन्यांत क्लेच्या डेसाउच्या घराची झडती झाली, एप्रिलमध्ये निलंबन. तो गॅलिशियातला ज्यू आहे, अशी आवई नाझी वर्तमानपत्रांनी उठवली होती. तो ज्यू नव्हता. पण हा आरोप खोडून काढण्याची धावपळ त्याला हीन वाटत होती, आणि समजा असतो ज्यू, तरी माझी किंमत तसूभर कमी होत नाही, अशा अर्थाचं त्यानं बायकोला लिहिलं. त्याच वर्षी त्यानं स्वतःचा एक चेहरा रंगवला. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, डोक्यावर काळी फुली. शीर्षक, ‘यादीतून कमी’. निलंबनाचा हुकूम समोर ठेवून कुणी काढलेलं यापेक्षा नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही.

डिसेंबरात नवरा-बायको बर्नला परतले. गाव ओळखीचं होतं, बोली ओळखीची होती, वडील हयात होते. कागदोपत्री मात्र तो आता जर्मनीतून आलेला परका होता. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर सलग पाच वर्षं देशात राहायची अट. बालपणाची वर्षं त्यात धरत नव्हते. त्यानं पाच वर्षं काढली आणि एप्रिल १९३९ मध्ये अर्ज दिला. आपल्याकडे म्हणतात ना, सरकारी काम अन् सहा महिने थांब! तिथे तर दारंच तीन आहेत: देशाचं, प्रांताचं (त्याला ते कँटन म्हणतात) आणि गावाचं. तिन्ही उघडावी लागतात. पोलीस चौकशी झाली. या माणसाची चित्रं हा सभ्य अभिरुचीचा अपमान आहे, अशा धर्तीचे शेरे कागदांत आले. हा माणूस वेडसर तर नाही ना, हेही चाचपून पाहिलं गेलं. म्हणजे जर्मनीत ज्या चित्रांना ‘भ्रष्ट कला’ म्हणून १९३७ सालच्या प्रदर्शनात टांगलं होतं, त्यांच्याकडे बर्नचा पोलीस शिपाईही फारशा वेगळ्या नजरेनं पाहत नव्हता.

तोवर क्लेची तब्येत ढासळली होती. १९३५ पासून त्याला एका चमत्कारिक आजारानं धरलं. कातडी घट्ट होत गेली, घास गिळता येईना. आजाराचं नाव त्याच्या मृत्यूनंतर पुढे आलं: स्क्लेरोडर्मा. त्यापायी १९३६ साली कशीबशी २५ चित्रं झाली. मात्र त्यानंतर जे झालं त्यावर विश्वास बसत नाही. १९३७ मध्ये २६४, १९३८ मध्ये ४८९, आणि १९३९ मध्ये १,२५३. दिवसाला तीनहून जास्त! ठाम जाड रेषा, चित्रलिपीसारख्या खुणा, आणि पेन्सिलीनं काढलेले देवदूत, काही विसरभोळे, काही अजून चालायला शिकणारे. हे आकडे आपल्याला इतके नेमके माहीत आहेत कारण तो ते स्वतः लिहून ठेवायचा. १९११ पासून प्रत्येक चित्राला साल आणि क्रमांक, एका वहीत नोंद. आयुष्यभराची बेरीज नऊ हजारांच्या वर जाते. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हा माणूस आवडेल.

२९ जून १९४० रोजी लोकार्नोजवळच्या मुराल्तो इथल्या रुग्णालयात क्ले गेला. वय साठ. बर्न शहराचा निर्णय तेवढा राहिला होता, तो काही दिवसांतच व्हायचा होता. तर असा हा ‘स्विस’ चित्रकार स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, तिथेच वारला, आणि एक दिवसही स्विस नव्हता.

गोष्ट इथे संपायला हवी, पण कागदानं मेल्यावरही पाठ सोडली नाही. लिली १९४६ साली गेली. त्याच वर्षी स्वित्झर्लंड आणि दोस्त राष्ट्रं यांच्यात करार झाला, की स्वित्झर्लंडमधली जर्मन मालमत्ता विकून तो पैसा युद्धाच्या भरपाईकडे वळवायचा. क्ले जर्मन, म्हणून घरातली हजारो चित्रं ‘जर्मन मालमत्ता’! मुलगा फेलिक्स तेव्हा जर्मनीतच अडकलेला. बर्नच्या काही संग्राहकांनी तातडीनं एकत्र येऊन सगळा ठेवा विकत घेतला आणि १९४७ साली पॉल क्ले प्रतिष्ठान उभं केलं. फेलिक्स नंतर आला तेव्हा त्याच्याशी वाद झाला आणि १९५२ साली वाटणी करून मिटला. तुम्ही मे महिन्यात जे पाहाल ते या घाईघाईच्या खरेदीमुळे वाचलेलं आहे.

तेव्हा कोशातली नोंद खोडू नका. मी यापुढे ‘बर्नचा चित्रकार’ असं लिहीन.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात क्लेची चित्रं दाखवली की पालक म्हणतात, आमची पाचवीतली मुलगी याहून बरं काढते. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी तसंच वाटतं. काय उत्तर द्यावं? (रत्नागिरी)

उत्तर : पालकांना सांगा, क्लेला हे ऐकून वाईट वाटलं नसतं. वर सांगितलेल्या त्या वहीत त्यानं स्वतःच्या लहानपणची निवडक चित्रंसुद्धा क्रमांक घालून नोंदवली आहेत, तीही विशी-पंचविशीतल्या पुष्कळ कामाला वगळून. अकादमीत शिकलेला माणूस आपल्या वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीचं चित्र ‘माझं काम’ म्हणून नोंदवतो आणि अकादमीतला अभ्यास बाहेर ठेवतो, यात त्याचा निकाल आला.

पण ‘मुलासारखं’ आणि ‘मुलानं काढलेलं’ यांत फरक आहे, आणि तो हातानंच पटवता येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं १९२२ सालचं ‘किलबिल यंत्र’ आहे. तारेवर चार हडकुळे पक्षी, तार एका हँडलला जोडलेली. हँडल फिरवलं की पक्षी गाणार. रेषा बघा: कुठे बारीक, कुठे पसरट, कडेला काळे डाग. ही रेषा पेनानं काढलेली नाहीच. क्ले एका कागदाला काळा तैलरंग फासायचा, तो थोडा सुकू द्यायचा, मग रंगाची बाजू खाली करून कोऱ्या कागदावर ठेवायचा. त्यावर आधी केलेलं रेखाटन, आणि त्याच्या रेषांवरून सुई फिरवायची. थोडक्यात, घरी बनवलेला कार्बन पेपर. सुईची रेषा खाली उमटते, आणि हाताचा तळवा जिथे टेकला तिथले डागही उमटतात. ते डाग त्याला हवे असायचे. वरून जलरंगाचे पातळ थर. हा प्रयोग पाचवीच्या वर्गात करून पाहा. वर्ग काळा होईल, पण पालकांचा प्रश्न परत येणार नाही.

त्याहून मोठा पुरावा हवा असेल तर १९३२ सालचं ‘आद पार्नास्सुम’ बघायला सांगा. सुमारे एक मीटर उंच, सव्वा मीटर रुंद. क्लेच्या मानानं हे प्रचंड, कारण त्याची बहुतेक कामं वहीच्या पानाएवढी. खाली रंगाचे मोठे चौकोन आणि त्यावर हजारो बारीक ठिपके, एकेक रंग देऊन. लांबून एक डोंगर किंवा छप्पर दिसतं आणि वर नारिंगी गोळा. जवळ गेलात की सगळं विरघळतं. हे नाव आलं संगीतातून. फुक्स या संगीतकारानं १७२५ साली लिहिलेला, एकाच वेळी अनेक स्वरधारा कशा चालवाव्यात हे शिकवणारा ग्रंथ आहे, त्याच्या नावावरून. क्ले जन्मभर व्हायोलिन वाजवत आला होता, बाख आणि मोझार्ट त्याचे देव. वरचे ठिपके एका लयीत आणि खालचे चौकोन दुसऱ्या, हे मला त्या चित्रात ऐकूच येतं. ज्यांना येत नाही त्यांच्याशी मी भांडत नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. क्लेला रंग उशिरा सापडला. चौतिशीपर्यंत तो मुख्यतः काळ्या-पांढऱ्याचा माणूस: कोरीव छाप, काचेमागची चित्रं, रेखाटनं. एप्रिल १९१४ मध्ये माके आणि मुआये या मित्रांबरोबर तो ट्युनिशियाला गेला. जेमतेम दोन आठवडे. कैरुआनला पोहोचल्यावर त्यानं डायरीत लिहिलं, की रंगानं आपल्याला कायमचं ताब्यात घेतलं, आता आपण चित्रकार झालो. हा प्रसंग प्रत्येक पुस्तकात येतो. थोडं सावधपणे वाचा, कारण ती डायरी त्यानं पुढे बसून सुधारून लिहिली होती. पॅरिसला जाऊन तो १९१२ सालीच दलोने या चित्रकाराला भेटला होता, त्याचा प्रकाशावरचा निबंध त्यानं जर्मनमध्ये आणला होता. तयारी आधीची होती, ऊन ट्युनिशियाचं.

आणि हो, तो चित्रं डाव्या हातानं काढायचा आणि लिहायचा उजव्या. डावखुऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

प्रश्न : क्लेची चित्रं आपल्याकडे कधी कुणी पाहिली का? की आपण फक्त पुस्तकांतूनच ओळखतो? (कलाशाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : पाहिली, आणि तीही फार लवकर. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या चित्रकारांची कामं आली होती: कँडिन्स्की, फाइनिंगर, योहानेस इटेन आणि क्ले. शेजारी अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, नंदलाल बोस यांची चित्रं. शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी पत्रव्यवहार करून ती मागवली होती. किलबिल यंत्र ज्या वर्षी झालं त्याच वर्षीची ही गोष्ट.

मुंबईला क्ले आला तो मात्र छापील चित्रांतून, आणि त्यातही हिटलरचा हात आहे. क्लेला ज्यांनी घालवलं त्यांनीच वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेझिंगर या कलाप्रेमींनाही युरोप सोडायला लावलं, आणि ही मंडळी मुंबईत येऊन स्थिरावली. लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलाविभाग सांभाळायचे. त्यांच्या घरी चाळीसच्या दशकात जे. जे. मधली तरुण मुलं जमायची, युरोपातली चित्रं पुस्तकांत बघायची, वाद घालायची.

तुमच्या नागपूरशी तर नातं जवळचंच आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं गोव्याचं. पन्नासच्या दशकातली त्यांची चित्रं पाहा. रेषेनं बांधलेल्या लहान आकृत्या, चौकोनांत मुरलेला रंग: क्ले तिथे उघड बसलेला आहे, आणि गायतोंडे यांनी ते ऋण लपवलं नाही. पुढे त्यांनी आकृती सोडली, रेषा सोडली, रंग रोलरनं चढवून सुरीनं खरवडू लागले. गुरूला मागे टाकण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४ साली त्यांचं प्रदर्शन झालं. मराठी वाचकाला प्रभाकर बरवेही आठवतील, नागावचे, ‘कोरा कॅनव्हास’वाले. सुरुवातीच्या काळात त्यांच्यावरही क्लेची छाया होती. बरवे बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते आणि क्लेनं बाउहाउसमध्ये विणकाम विभागातल्या विद्यार्थिनींना शिकवलं होतं. हा निव्वळ योगायोग, पण मला तो लिहिल्यावाचून राहवलं नाही.

जाता जाता, सांगलीच्या वाचकांसाठी. क्लेची चित्रं बहुतेक कागदावरची आहेत. उजेडानं ती फिकी पडतात, म्हणून संग्रहालयातली सुमारे चार हजार कामं एकदम कधीच मांडत नाहीत. अदलूनबदलून मांडतात, तीही मंद दिव्यांत. अमुकच चित्र बघायचं असेल तर आधी चौकशी करा. ‘आद पार्नास्सुम’ बर्नच्या कुन्स्टम्युझियमचं आहे, आणि ‘सेनेचिओ’ हा गोल चेहरा बाझलला, झुरिकहून तासाभरावर. क्ले संग्रहालयाची इमारत रेन्झो पियानोनं बांधली, २००५ साली उघडली. शेतात उठलेल्या तीन पोलादी लाटा, आणि बाजूनं भरधाव महामार्ग. बर्न स्टेशनवरून १२ क्रमांकाची बस थेट दारात सोडते. क्लेच्या अस्थी जिथे आहेत ती शोसहाल्डे दफनभूमी तिथून चालत गाठण्याजोगी. संग्रहालयाचा पत्ता लिहून ठेवा: मोन्युमेंट इम फ्रुख्टलांट, ३. हे रस्त्याचं नाव म्हणजे क्लेच्या १९२९ सालच्या एका चित्राचं शीर्षक आहे.